कोयनेचा पाऊस आणि घोंगडी

कऱ्हाडाहून पाटणमार्गें कुंभार्ली घाटाकडे निघालें म्हणजे कोयनानगरच्या अलीकडेच हवा पालटते. येथें बहुतेक वर्षीं ४ हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. आम्ही श्रावणांत आलों, तेव्हां १०३ मीटर उंचीचें धरणहि धुक्यांत दिसेनासें झालें होतें. आमचें लक्ष वेधलें तें उतारावरील गुराख्यांनीं. घोंगडीची खोळ घेऊन ते पावसांत स्वस्थ उभे होते. आमच्या छत्र्या केव्हांच उलट्या झाल्या होत्या.

ही घोंगडी घाटमाथ्याची नव्हे. माण-खटावच्या कोरड्या माळांवर धनगरांचीं मेंढरें चरतात. त्यांच्या लोकरीची घोंगडी सनगर विणतात व तिला चिंचोक्यांची खळ देतात. दुष्काळी मुलखाची वस्तु अतिवृष्टींत उपयोगी पडावी, याचें कारण लोकरीच्या घडणींत आहे.

लोकर म्हणजे केरॅटिन नांवाचें प्रथिन. अमायनो अम्लांची लांबच लांब सांखळी येथें मळसूत्रासारखी वळलेली असते. हें मळसूत्र लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५१ सालीं उलगडलें. त्याचे वेढे हायड्रोजनच्या बंधांनीं धरलेले असतात. हा बंध एकेकटा क्षीण. ओल व ओढ यांपुढें तो सुटतो आणि धागा लांबतो. परंतु शेजारशेजारच्या सांखळ्यांना गंधकाचे बळकट टांके असतात. ते पाण्यास दाद देत नाहींत, व ताण सरतांच धाग्यास पूर्वस्थितीवर आणतात. शिवाय केसाचें बाह्यांग स्निग्ध असल्यामुळें थेंब ओघळून जातात. आंत शिरलेलें बाष्प शोषतांना लोकर किंचित् ऊबहि देते.

आपल्या घरांतील सोंवळें पाहा. धाबळी लोकरीची, मुकटा रेशमाचा, दोन्ही प्रथिनेंच. रेशमांत मात्र सांखळ्या वेटोळें न घालतां निऱ्यांप्रमाणें पसरलेल्या असतात. म्हणून रेशीम बळकट, पण लोकरीइतकें ताणत नाहीं. पूर्वजांनीं हें रसायन जाणून नियम घातला असें आम्ही म्हणत नाहीं. पण सुताहून हीं वस्त्रें निराळीं, ही त्यांची पारख खरी होती.

११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपांत येथील बहुतेक घरें पडलीं वा मोडलीं, माणसें दगावलीं, आणि धरणासहि तडे गेले. पुढें त्यास काँक्रीटचा आधार द्यावा लागला. काँक्रीट दाब सोसतें, ताण सोसत नाहीं. सोडावें तें सोडून धरावें तें घट्ट धरणें, हें लोकरीस साधलें आहे.

आज प्लास्टिकच्या कापडापुढें जाडीभरडी दक्खनी लोकर पुष्कळदां कातरणावळहि भरून काढीत नाहीं. घरोघर एक तरी घोंगडी घेतली जावी. सनगराचा माग थांबला, तर रसायन पुस्तकांत उरेल, पण ऊब उरणार नाहीं.