विंग, लोकर आणि मामाची गाडी

तर झालं असं की, गेल्या महिन्यात दादाने गाडीला विंग लावली.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ आणि गाडी म्हणजे मामाची सॅन स्टॉर्म. तुमच्यापैकी निम्म्यांनी हे नाव ऐकलंही नसेल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेली, दोन सीट्सची, फायबर बॉडीची, उघडी फिरवता येणारी भारतीय गाडी. इंजिन रेनॉचं, साधारण ६० बीएचपी. मामाने ती सेकंडहँड घेतली आणि जुहूच्या खाऱ्या हवेत पोरासारखी जपली. फायबर गंजत नाही, पण खालचं लोखंड गंजतं. म्हणून दर पावसाळ्यानंतर मामा स्वतः गाडीखाली झोपून रंग मारायचा. दोन वर्षांपूर्वी मामा गेला. गाडी दादाकडे आली, आणि दादाकडे यूट्यूब आहे!

आधी रुंद टायर आले, मग सायलेन्सर, आणि आता ही भली मोठी विंग. डिकीच्या झाकणाला चार भोकं पाडून बसवलेली. मामी काही बोलली नाही. ड्रिल सुरू झाल्यावर फक्त आत निघून गेली.

"कशाला रे?" मी विचारलं.

"डाउनफोर्स! ऑडी टीटीचं काय झालं माहितीये ना?"

माहीत होतं. १९९८ साली आलेली पहिली टीटी दिसायला देखणी, पण भन्नाट वेगात तिचा मागचा भाग हलका व्हायचा. जर्मनीत अपघात झाले, माणसं गेली. मग कंपनीने मागे छोटा स्पॉइलर दिला, ईएसपी दिलं, सस्पेन्शन बदललं. म्हणजे दादाचा मुद्दा अगदीच हवेतला नव्हता. पण ऑटोबानवरची टीटी कुठे आणि आमची ६० घोड्यांची स्टॉर्म कुठे?

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. आधी मोजायचं, मग बोलायचं, एवढंच नोकरीने शिकवलंय. म्हटलं, "टेस्ट करू. उपयोग दिसला तर पेट्रोल माझं. नाही दिसला तर विंग काढायची."

पनवेलच्या पुढे ओळखीच्या एका कारखान्याच्या आवारात जवळपास किलोमीटरभर सरळ रस्ता आहे. रविवारी सगळं बंद. रीतसर परवानगी काढली आणि सकाळी सहाला, वारा पडलेला असताना पोचलो.

विंड टनेल आपल्या खिशाबाहेरचं, पण दोन जुन्या युक्त्या फुकटात होतात. पहिली लोकरीची. आईकडे कुणाच्या तरी बारशासाठी आणलेली लाल लोकर उरली होती. तिचे बोटभर तुकडे डिकीवर आणि विंगवर टेपने चिकटवले. हवा पृष्ठभागाला धरून वाहत असेल तर धागे मागे सरळ लोळतात, सुटली असेल तर वेड्यासारखे नाचतात. ऑफिसातल्या मित्राने शेजारच्या गाडीतून व्हिडिओ काढला.

दुसरी युक्ती घरंगळण्याची. ८० पर्यंत जायचं, न्यूट्रल करायचं आणि ६० वर यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. जितका जास्त वेळ, तितका अडथळा कमी. चढ आणि वारा यांचा हिशेब सुटावा म्हणून जाताना आणि येताना, दोन्हीकडून पाच-पाच वेळा, आणि मग सरासरी.

आकडे असे आले: विंगसकट १८.५ सेकंद. विंग काढून १९.६. आणि छत चढवून, काचा वर केल्यावर २०.८!

म्हणजे विंग चक्क ब्रेक लावत होती, आणि खरी सुधारणा मामाच्या काळापासून गाडीतच होती. व्हिडिओत कारणही दिसलं. छत उघडं असताना हवा पुढच्या काचेवरूनच सुटते आणि सीटच्या मागे नुसता गोंधळ. विंग नेमकी त्या गोंधळात उभी. तिथले धागे गरागरा फिरत होते. अशा हवेत डाउनफोर्स फारसा मिळत नाही, ओढ मात्र पुरेपूर मिळते. आणि वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते.

दादा काहीच बोलला नाही. पान्याने विंग सोडवताना तोच थांबला होता. मला हाक मारून बोट दाखवलं. एका बोल्टच्या भोकापासून फायबरला वीतभर तडा गेला होता.

पुढच्या शनिवारी आम्ही याच विंगसकट एक्सप्रेस वेवरून लोणावळ्याला जाणार होतो. विंग तिथे उडाली असती, तर मागच्या गाडीच्या काचेवर गेली असती. १८.५ की १९.६ हा वाद तिथेच संपला.

संध्याकाळी जुहूला मामीच्या गॅलरीत चहा घेत बसलो होतो. एरोड्रोमवरून एक हेलिकॉप्टर उठलं. मामा नेहमी सांगायचा, १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले, पस मॉथ विमानातून. त्या विमानाची एक गंमत मी नंतर वाचली. त्याच्या चाकांच्या दांड्यांवरची आवरणं उतरताना आडवी फिरवता यायची, म्हणजे हवेचाच ब्रेक. अडथळा पाहिजे तेव्हाच, पाहिजे तेवढाच. आमची विंग म्हणजे तोच ब्रेक, पण कायम ओढून ठेवलेला.

दादाला हे सांगितलं. तो म्हणाला, "बाबांना विचारलं असतं तर त्यांनी आधीच सांगितलं असतं रे." मला काय बोलावं सुचलं नाही. मामी म्हणाली, "भोकं बुजवून घे आधी."

बुजवली. तड्याला आतून फायबरचा पट्टा मारला, वर मामाच्याच डब्यातला उरलेला रंग लावला. जवळून पाहिलं तर चार ठिपके दिसतात अजून. दिसू देत.

असो. पावसाळा संपला की गाडीखाली झोपून रंग मारायचाय. या वेळी दोघं आहोत. आणि विंग गच्चीवर आहे, मामी तिच्यावर पायपुसणी वाळवते. तिथे वारा चांगला लागतो म्हणे!