चारच्या आत मावळणारा सूर्य



युरोपहून आल्यापासून कडेगावात मला दोनच प्रश्न विचारले जातात. एक, "खायला काय मिळालं गं?" आणि दुसरा, "या वयात पाठीवर सॅक कशाला?" दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. लेकीची परीक्षा संपली होती, नोकरीवर रुजू व्हायला दोन महिने होते, आणि टूरवाल्याचा आकडा ऐकून हे म्हणाले, "एवढ्यात घरावर नवीन स्लॅब पडेल." मग लेकीनेच ठरवलं, रेल्वेचा पास काढायचा, पाठीवर एकेक सॅक घ्यायची आणि जिथे नातेवाईक आहेत तिथे उतरायचं. हे दुकान आणि सासूबाईंना सांभाळायला मागे राहिले. शेंगेनचा व्हिसा वेगळा, ब्रिटनचा वेगळा, त्यात दोन महिने गेले. डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही मायलेकी निघालो. नातेवाईक तरी कुठे? माझा मावसभाऊ जर्मनीत स्टुटगार्टला आणि माझी मोठी नणंद, आमच्या आक्का, इंग्लंडात लेस्टरला. मधे अँटवर्पला दोन रात्री हॉस्टेल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे.

सॅकेत कपडे कमी आणि डबे जास्त होते. ज्वारीच्या कडक भाकरी, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भडंग, भाजणी. सासूबाईंनी तुपाचा डबा भरला होता, तो काढून ठेवावा लागला, कारण दूध-तुपाचे पदार्थ बाहेरच्या देशांतून सोबत नेऊ देत नाहीत. पेढेही नाहीत. त्या दिवशी त्या थोड्या रुसल्या. शेवटी एक छोटं स्टीलचं पातेलं आणि पाणी गाळायचं पांढरं फडकं त्यांनी स्वतःच्या हाताने सॅकेत घातलं. हॉस्टेलमध्ये स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून असतं, त्या कढईत कुणी काय शिजवलं असेल सांगता येत नाही. त्या पातेल्यात आम्ही खिचडी केली, चहा केला, एकदा नळाच्या पाण्यात भाजणीचं उकडपेंडीसारखं काहीतरीही केलं. तुमच्यातली कुणी जाणार असेल तर दुसरं काही विसरा, पातेलं विसरू नका.

स्टुटगार्टला भाऊ-वहिनीने खूप केलं. वहिनी बेळगावची, त्यामुळे पाटा-वरवंटा नसला तरी चव घरची. तिने मला दुकानात पाकिटं वाचायला शिकवलं. चीजवर 'लाब' लिहिलेलं असेल तर ते वासराच्या पोटातल्या द्रव्याने जमवलेलं असू शकतं, गोळ्या-जेलीत गेलाटिन असतं, ब्रेडमध्ये अंडं बघायचं. नाताळच्या बाजारात सगळीकडे दालचिनी आणि गरम वाइनचा वास. आम्ही भाजलेले चेस्टनट खाल्ले. झाडाचं फळ, नुसतं विस्तवावर भाजलेलं, त्यात वाचण्यासारखं काहीच नाही. कागदी पुड्यात गरम गरम, हातही शेकतात.

पण खरी अडचण पाकिटांवर नव्हती, आकाशात होती. स्टुटगार्टला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळायचा. पहिल्या दिवशी आम्ही बाजारात हिंडत होतो, लेक म्हणाली, "आई, अंधार." घड्याळात पावणेपाच. आमच्याकडे त्या वेळी शेळ्या अजून रानात असतात.

अँटवर्पला गेलो तो रविवार होता. हिऱ्यांच्या व्यापारामुळे तिथे पालनपूरकडची जैन कुटुंबं कितीतरी वर्षं राहतात, आणि शहराच्या विल्राइक भागात त्यांनी पांढऱ्या संगमरवराचं मंदिर बांधलं आहे. करड्या, ओल्या आभाळाखाली ते पांढरं शिखर दिसल्यावर मी सॅकसकट हात जोडले. आपण दिगंबर, ते श्वेतांबर, मूर्तीचे डोळे वेगळे. पण णमोकार म्हणताना कुणी विचारत नाही. मी खूप वेळ बसले. लेकीने सॅका सांभाळल्या.

ब्रसेल्सहून युरोस्टारने लंडन साधारण दोन तास. ती गाडी सेंट पँक्रसला थांबते आणि लेस्टरची गाडी त्याच स्टेशनातून सुटते, त्यामुळे लंडनमध्ये ओझं घेऊन धावाधाव नाही. २३ डिसेंबरला पोचलो ते बरं झालं, कारण २५ ला इंग्लंडात आगगाड्या धावतच नाहीत. २४ ला आक्कांनी जैन सेंटरला नेलं. मूळचं ते ख्रिश्चनांचं प्रार्थनाघर, त्याचं मंदिर केलं आणि १९८८ मध्ये प्रतिष्ठा झाली. एकाच छताखाली श्वेतांबर मंदिर, दिगंबर मंदिर, स्थानकवासींची जागा आणि श्रीमद् राजचंद्रांचीही. आपल्याकडे एका गावात हे चार जण एका सतरंजीवर बसायला किती बैठका लागतील, तुम्हीच सांगा.

आता मुख्य गोष्ट. लेस्टरला डिसेंबरात सूर्य सव्वाआठला उगवतो आणि चारला पाच मिनिटं असताना मावळतो. नियमाप्रमाणे उगवल्यावर दोन घटका आणि मावळण्याआधी दोन घटका सोडायच्या, म्हणजे अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस मिनिटं. जेवायला उरले नऊ ते तीन. आक्का औषधांच्या दुकानात कामाला, सहा वाजता सुटतात. भाओजी त्याहून उशिरा. भाचा कॉलेजातून चारला येतो. पहिल्या संध्याकाळी सात वाजता आक्कांनी टेबलावर ताटं मांडली आणि आमच्या दोघींसाठी वेगळं, दुपारीच करून झाकून ठेवलेलं जेवण मला दाखवत म्हणाल्या, "तुम्ही तीनलाच जेवायला हवं होतं गं, पण तुमची गाडी..." आणि मग गप्प झाल्या.

मला कळलं. सासूबाई रोज रात्री साडेआठला फोन करतात, तेव्हा लेस्टरला दुपारचे तीन असतात. "उजेडी जेवलीस का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. आणि आक्का रोज म्हणतात, "हो आई." मी कडेगावच्या स्वयंपाकघरात उभं राहून ते "हो आई" किती वर्षं ऐकलं आहे. लग्नाआधी आक्कांनी महाराजांसमोर रात्रीभोजनाचा नियम घेतला होता, आणि सासूबाईंना त्याचा फार अभिमान.

रात्री भांडी घासताना आक्का म्हणाल्या, "उन्हाळ्यात पाळते गं मी. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा एक दिवस चुकत नाही. हे चार महिनेच जमत नाही. तू घरी गेल्यावर आईंना सांगू नकोस." मी म्हटलं, "आक्का, मी तुमच्याविषयी काही सांगायला जाणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलता येणार नाही मला." त्यांनी मान हलवली. पुढचे भांडे हातात तसंच राहिलं, आणि दोन दिवस आमच्यात थोडं जड जड होतं.

त्यात भाच्याने जेवताना विचारलं, "मामी, डिसेंबरात इथे एक किडा उडत नाही. मग दिव्याखाली जेवलं तर हिंसा कुणाची?" सतरा वर्षांचा आहे, आणि प्रश्न वात्रट नव्हता. मी म्हटलं, "किडे नसतील रे. पण एका वेळेनंतर हात थांबवायचा, चूल विझवायची, हाही नियमच आहे ना." तो म्हणाला, "मग जूनमध्ये नऊ वाजता पिझ्झा चालतो?" मी म्हटलं, "उजेड असेल तर चालतो." तो हसला, आक्का हसल्या नाहीत.

मला आमच्या गावची आठवण झाली. कडेगावचे उंच ताबूत तुम्हाला माहीत आहेतच, आमची घरं त्या गल्ल्यांना लागून. रमजानात सूर्य मावळण्याची वाट बघत बसलेले शेजारी, आणि तो मावळायच्या आत जेवण आटोपणारे आम्ही, दोघांचंही लक्ष एकाच आभाळाकडे. लेस्टरमध्ये आभाळाकडे बघायला आक्कांना वेळच नसतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सकाळ आणि संध्याकाळ सारखीच.

२६ डिसेंबरला पार्श्वनाथ भगवंतांचा जन्मकल्याणक होता, मार्गशीर्ष वद्य एकादशी. तिथे त्या दिवशी नाताळची दुसरी सुट्टी, म्हणजे सगळे घरी. आक्का सकाळीच उठल्या, स्नान करून पूजा मांडली, आणि मग दोघींनी स्वयंपाक केला. बेल्ग्रेव्ह रोडवर आपलं सगळं मिळतं, ज्वारीचं पीठसुद्धा. भाकरी, मुगाची उसळ, शेवयांची खीर. अडीचला पाच जण एकत्र जेवलो. ताटं उचलेपर्यंत तीन वाजले आणि फोन वाजला.

"उजेडी जेवलीस का?"

आक्का म्हणाल्या, "आज जेवले आई. रोज जेवत नाही. थंडीत कित्येक वर्षं नाही जेवत." आणि रडायला लागल्या. मी फोनपासून दूर सरकले.

तिकडून सासूबाईंचा आवाज मोठा असतो, सगळ्या खोलीला ऐकू आला. "अगं, सहाला सुटणारी बाई चारला कशी जेवेल? मला काय घड्याळ कळत नाही? तुझा मुलगाच सांगतो की फोनवर, आजी इथे आत्ताच अंधार पडला म्हणून." थोडं थांबून म्हणाल्या, "मी रोज विचारते ते तू कधीतरी सांगशील म्हणून. दुपारी दुकानात पोटभर डबा खा. रात्री अन्न नको, दूध घे, फळ घे. महाराज आले की विचारून घेऊ. आता डोळे पूस आणि नातीला फोन दे, तिने माझं पातेलं काळं केलंय का बघू."

पातेलं काळं झालं होतंच. ते आणि गाळायचं फडकं आक्कांनी ठेवून घेतलं, आम्ही रिकाम्या सॅका घेऊन २८ ला निघालो.

आता फोन साडेआठलाच होतो, पण पहिला प्रश्न बदलला आहे. "डबा काय होता?" आक्का सांगतात, दोन वाजता मागच्या खोलीत बसून खाल्लं, संध्याकाळी दूध. कधी जमतं, कधी नाही, ज्या दिवशी नाही त्या दिवशी तसंच सांगतात. तिथे मार्चअखेर घड्याळ एक तास पुढे करतात, मग साडेसातपर्यंत उजेड राहील आणि सहाला सुटूनही जेवता येईल. २०२५ मध्ये ती तारीख ३० मार्च होती, त्याच दिवशी आपला पाडवा होता. सासूबाईंनी कॅलेंडरवर त्या चौकटीत पेनाने लेस्टर असं लिहून ठेवलं आहे.