भवानी झाल्यावर या

दुकानदाराकडे फुकट काही मागायला जायचं तर सकाळी अकराच्या आत जाऊ नये. भवानी झालेली नसते, आणि भवानीआधी फळीवरून काही फुकट खाली उतरलं की दिवस वाया जातो, ही समजूत पिंपरी कॅम्पातल्या सिंधी शेठपासून चिंचवडगावातल्या वाण्यापर्यंत सगळ्यांची एकच. दुपारी शेठ जेवून लवंडलेले असतात. गल्ल्यावर पुतण्या बसतो आणि त्याला हो म्हणायचा अधिकार नसतो. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणजे वर्कशॉपं बंद आणि बाजारात पाय ठेवायला जागा नाही. दसरा ते भाऊबीज तर कुणाच्या दारात उभंच राहू नये. कंपन्यांचा बोनस त्या दिवसांत बाजारात उतरलेला असतो, शगुन चौकातून धड चालता येत नाही, तिथं तुमची धर्मादाय सोडत कोण ऐकणार? उरतात दिवाळीनंतरचे दिवस. गल्ला भरलेला, थोडा माल उरलेला, माणूस खुशीत. बक्षिसं मागायची ती तेव्हा.

हे वेळापत्रक आईचं. आम्ही एचए कॉलनीत वाढलो. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना १९५४ साली पिंपरीच्या माळावर आला आणि त्याच्या मागोमाग एकेक करत बाकीचे. कॉलनीतल्या बायका एक बालवाडी चालवायच्या. तिच्या सतरंज्या, पाट्या आणि बाईंचा पगार यांसाठी दरवर्षी सोडत निघायची, तिकीट एक रुपया. शेजारचे एक आजोबा 'हा जुगार आहे' म्हणून तिकीट परत करत. पण १९६९ मध्ये महाराष्ट्र सरकारनंच लॉटरी काढली, लोकांना मटक्यापासून वळवायचं आणि तिजोरीतही भर घालायची म्हणून, आणि आईची बाजू एकदम भक्कम झाली. "सरकारनं केलं तर विकास, आणि आम्ही पोरांच्या सतरंज्यांसाठी केलं तर जुगार होय हो?" आजोबांनी तिकीट घेतलं. अर्धुकावर नाव मात्र नातवाचं लिहिलं.

बक्षिसं सगळी स्टीलची. तांब्यापितळेला कल्हई लावून लावून कंटाळलेल्या बायकांना तेव्हा स्टीलचं वेड लागलं होतं. आई मला घेऊन कॅम्पात जायची. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी इथल्या बराकींतून जो बाजार उभा केला, त्यातलं एक भांड्यांचं दुकान तिच्या ठरलेल्यातलं. शेठ पत्र वाचत नसत. "बालवाडी? बैठो," एवढंच. मग फळीवरचं एक पातेलं काढत, बोटाच्या पेरानं काठावर वाजवत, कान देत आणि परत ठेवून देत. दुसरं काढत. ते वाजवत. तिसरं जरा जड लागे, आवाजही भरलेला येई; तेच कागदात गुंडाळून आईच्या हातात. एकदा आई म्हणाली, "अहो, पहिलं चाललं असतं की." शेठ म्हणाले, "जिसका नाम मालूम नहीं, उसको पतला कैसे दूँ?"

पुढं दुकानाबाहेर नाव घालणारा बसलेला असे. छिन्नी आणि लहान हातोडी घेऊन तो टिंबाटिंबांनी अक्षरं पाडायचा: 'सप्रेम भेट, महिला मंडळ, एचए कॉलनी'. देणाऱ्या दुकानाचं नाव भांड्यावर कधीच नसायचं. ते सोडतीच्या दिवशी खडूनं फळ्यावर, आणि संध्याकाळी फळा पुसला जायचा. मंडळातल्या बायकांच्या घरच्यांनी तिकीट घ्यायचं नाही असा आईचा नियम होता, त्यामुळे आमच्या घरात त्यांतलं एकही भांडं आलं नाही.

लग्न होऊन मी चिंचवडला आले. पिंपरीत वायसीएम रुग्णालय १९८९ मध्ये झालं. तिथून पाय मोडलेला किंवा अर्धांगवायू झालेला माणूस घरी सोडला की घरच्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो कॉटचा. डोक्याकडून उचलता येणारी कॉट, एअर बेड, वॉकर, कमोडची खुर्ची. दोन-तीन महिन्यांसाठी लागणारं हे सामान विकत घेणं कामगाराच्या आवाक्याबाहेरचं. आम्ही काही जणींनी असं सामान अनामत रकमेवर वापरायला द्यायचं केंद्र सुरू केलं. सामानाला पैसे हवेत, पैशाला कार्यक्रम हवा. आनंदमेळा आणि शेवटी सोडत असं ठरलं, आणि बक्षिसं मागायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. आमच्यातल्या वकीलबाईंनी आधीच बजावलं होतं की हे घरचं हळदीकुंकू नव्हे. तिकीट विकून सोडत काढायची तर १९५८ चा लॉटरी कायदा आहे, परवान्याचं बघावं लागेल. लोकांकडून देणगी गोळा करायची तर विश्वस्त कायद्यातल्या ४१ क कलमासाठी धर्मादाय कार्यालयाची पायरी चढावी लागेल. चढलो. आईच्या काळी हे कुणाच्या गावीही नव्हतं.

लोक काय देतात? सगळ्यात जास्त देतात ते न खपलेलं. घडीवर रंग विटलेली साडी, चार वाट्या कमी असलेला डिनर सेट, हरणांची जोडी असलेली फ्रेम. आणि लेमन सेट. महाराष्ट्रातला लेमन सेट कुणी विकत घेत नाही, तो नुसता फिरतो. आमच्या सोडतीत गेलेला एक सेट काही वर्षांनी दुसऱ्याच देणगीदाराकडून परत आमच्याकडे आला. जगाच्या तोंडावर टवका होता, त्यावरून ओळखला. मी तोही मुकाट्यानं घेते, पावती करते, आणि मेळ्यातल्या चिमुकल्यांच्या खेळांना लावते. बक्षीस म्हणून टेबलावर मांडत नाही. फुकटच्या वस्तूवरही माणसाची निराशा होऊ शकते, आणि ती निराशा दुकानदाराच्या नव्हे, आमच्या नावावर जमा होते. एका दुकानानं दिलेल्या मिक्सरचं तेच झालं. वॉरंटी कार्डावर शिक्का नाही, बिल नाही. महिन्याभरात मोटर बसली आणि जिंकलेल्या बाई केंद्राच्या दारात.

जीएसटी आल्यावर एक नवीच अडचण कळली. कॅम्पातल्या एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्यानं मला ती वहीत आकडे मांडून समजावली. त्यानं कुकर घेतला तेव्हा कर भरला. विकला असता तर त्या कराची वजावट मिळाली असती. भेट म्हणून दिला की मिळत नाही, भरलेला कर खिशातून गेला. शिवाय ८० जी ची सवलत पैशांच्या देणगीला आहे, वस्तूला नाही. म्हणजे कुकर दिला तर दोन्हीकडून तोटा, चेक दिला तर थोडी तरी सूट. "मग चेक द्या," मी म्हटलं. तो हसला. "चेक दिला तर तुम्ही काय घ्याल? दुसऱ्याच्या दुकानातून कुकर." आणि त्यानं कुकरच दिला, कार्डावर शिक्का मारून, तारखेची जागा कोरी सोडून. वॉरंटी जिंकणाऱ्याच्या दिवसापासून सुरू व्हावी म्हणून ही कोरी जागा. तेव्हापासून मी प्रत्येकाकडे ती मागून घेते.

मोठं बक्षीस आम्ही ठेवत नाही. स्कूटरच्या गावात स्कूटर नाही म्हणजे काय, असं पुष्कळांनी विचारलं. आकुर्डीच्या चेतकसाठी माणसं वर्षानुवर्षं नंबर लावून बसायची ते दिवस पाहिलेल्यांना तर स्कूटर हेच खरं बक्षीस वाटतं. पण दहा हजारांवरच्या सोडतीच्या बक्षिसावर तीस टक्के कर आहे, आणि बक्षीस वस्तूचं असेल तर तो भरला गेल्याची खात्री झाल्याशिवाय वस्तू हातात देता येत नाही. ज्याला स्कूटर लागली त्याला आधी वीसेक हजार आणा म्हणायचं? त्यापेक्षा मिक्सर बरा.

आता कंपन्यांबद्दल. पूर्वी मोठ्या कारखान्यांतल्या कुणा साहेबांची ओळख निघाली की घड्याळं, बॅगा, डब्यांचे सेट असं काही तरी मिळायचं. कंपनी कायदा २०१३ च्या १३५ व्या कलमानं मोठ्या नफ्यातल्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले, आणि गंमत म्हणजे त्यानंतर सोडतीची बक्षिसं आटली. खर्चाला प्रकल्प हवा, अहवाल हवा, संस्थेची नोंदणी हवी. २०२१ च्या दुरुस्तीनं तर जाहिरातीचा फायदा मिळेल असं प्रायोजकत्व या खर्चातून वगळलंच. चाकणला गेलं की गेटवर मोबाईल जमा करायचा, गळ्यात पास अडकवायचा आणि आत वातानुकूलित खोलीत बसलेली चांगली, हसरी मुलगी सांगणार, "मॅडम, मेल टाका ना." माझी तक्रार नाही. दोन टक्क्यांतून शाळा झाल्या, डायलिसिसची यंत्रं आली. कुकरच्या मानानं ते मोठंच काम. पण कुकर मागायला तिथं जाण्यात अर्थ नाही, हे नव्यानं या कामात येणाऱ्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते.

जायचं ते भोसरीला. टी ब्लॉक, एस ब्लॉक, जे ब्लॉक. पत्र्याच्या शेडमध्ये चार मशिनं आणि दहा माणसं. यांची अडचण वेगळी. एका लेथवाल्यानं आम्हाला चहा पाजला आणि ओशाळून म्हणाला, "ताई, मी पिना आणि बुश बनवतो. तुमच्या बक्षिसात बुश ठेवणार का?" मी म्हटलं, पैसे द्या. तो म्हणाला, पैसे पार्टीकडून येतील तेव्हा खरे. आम्ही उठलो. पुढच्या आठवड्यात त्याचा फोन, येऊन जा. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं आणि त्यावर पाच खलबत्ते. स्टेनलेसच्या गोल गजाचे उरलेले तुकडे लेथवर लावून आतून पोखरलेले, बाहेरून बफिंग करून आरशासारखे. बत्त्याच्या मुठीला बारीक आटे पाडलेले, ओल्या हातातून सटकू नये म्हणून. आतला तळ मात्र मुद्दाम खरखरीत ठेवलेला. "गुळगुळीत केला तर वेलदोडा पळतो," तिथला ऑपरेटर म्हणाला. शिफ्ट संपल्यावर थांबून त्यानंच ते केले होते. त्या वर्षी पहिलं बक्षीस कुणाच्या लक्षात राहिलं नाही; बाया विचारत होत्या की हा खलबत्ता कुठं मिळतो. कुठंच मिळत नाही.

याच शेडवाल्यांकडून बाजाराचा हालही कळतो. २०१९ मध्ये वाहन उद्योगात मंदी आली, मोठे कारखाने महिन्यातून काही दिवस बंद राहू लागले, आणि ब्लॉकांतली मशिनं कापड टाकून झाकलेली दिसायला लागली. दरवर्षी देणारे "यंदा नको" म्हणाले. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्या हिवाळ्यात यादी फार तोकडी होती. चाकणच्या मार्केट यार्डातल्या एका अडत्यानं कांद्याची गोणी पाठवली. एरवी हसं झालं असतं, पण तेव्हा कांदा किलोला शंभरीपार गेलेला. गोणीचा नंबर पुकारला तेव्हा मिक्सरलाही पडल्या नव्हत्या अशा शिट्ट्या पडल्या. जिंकणाऱ्या काकांनी गोणी तिथंच उघडली आणि ओळखीच्यांना ओंजळभर, ओंजळभर कांदे वाटत सुटले.

चार महिन्यांत टाळेबंदी लागली. त्या सोडतीच्या पैशांतून घेतलेल्या कॉटा आणि नंतर जमवलेले ऑक्सिजन काँसन्ट्रेटर पुढची दोन वर्षं केंद्रात परत येऊन थांबलेच नाहीत. एका घरातून पुसून थेट दुसऱ्या घरात. कॅम्पातल्या दुकानदारांच्या घरीही गेले. कुणी म्हणालं नाही की आम्ही कुकर दिला होता.

आता क्यूआर कोडवर वर्गणी येते, सोडत संगणकावर निघते, आणि काही ठिकाणी वस्तूऐवजी हजार रुपयांचं व्हाउचर देतात. व्हाउचर मला आवडत नाही. त्यात देणाऱ्याला काही निवडावं लागत नाही. पाच हजारांच्या खरेदीवरच चालेल, अशी बारीक अक्षरांतली अट मागच्या बाजूला असते ती वेगळीच.

तेव्हा दुकानदार मंडळींना एवढंच सांगणं. सोडतीवाले दारात आले तर नाही म्हणायचं असल्यास लगेच म्हणा, तीन चकरा मारायला लावू नका. द्यायचं असेल तर खोक्यासकट द्या, वाट्या मोजून द्या, कार्डावर शिक्का मारा आणि तारीख कोरी ठेवा. लेमन सेट मात्र नको.