चार अक्षरांचा भरवसा

संपादकांनी विषय दिला एपिजेनेटिक्स, आणि वर अट घातली की रसायनशास्त्र नको. या विषयातून रसायन वजा केलं की जे उरतं ते वाचकांना एरवीही फुकट मिळतंच : अमुक श्लोक ऐकला की पोटातल्या बाळाचं मिथायलेशन सुधारतं, तमुक चूर्णाने जनुकं ‘रीसेट’ होतात. लग्नाच्या पंगतीत कुणी ‘हे डीएनएवाले’ अशी माझी ओळख करून दिली, की ‘मग संस्कार डीएनएत उतरतात ना?’ हा प्रश्न ठरलेला. मी मठ्ठा मागवतो. तेव्हा संपादकांची माफी मागून थोडं रसायन.

एक कार्बन आणि तीन हायड्रोजन मिळून होतो मिथाइल गट. तो डीएनएवर बसवणारी एन्झाइमं म्हणजे मिथाइलट्रान्स्फरेज. गट पुरवणारा रेणू ठरलेला : एस-अ‍ॅडेनोसिल मेथिओनिन, आमच्या बोलण्यात नुसतं ‘सॅम’. ई. कोलाय जिवाणूतलं डॅम हे एन्झाइम ‘जीएटीसी’ हा क्रम शोधून त्यातल्या अ‍ॅडेनिनवर मिथाइल बसवतं. डीएनएची प्रत निघाली की नव्या धाग्यावर ही खूण उमटायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या अवधीत दुरुस्ती यंत्रणा नवा धागा कोणता ते ओळखते आणि चूक तिथेच सुधारते.

1989 मध्ये यानोश पोश्फाय, अशोक भागवत, ग्यॉर्गी पोश्फाय आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांनी सायटोसिनवर काम करणाऱ्या 13 जिवाणू एन्झाइमांचे अमिनो आम्लांचे क्रम एकाखाली एक मांडले. सगळ्यांत तेच दहा तुकडे, त्याच क्रमाने सापडले. पाच ठळक, पाच पुसट. त्यांना म्हणतात मोटिफ. चौथ्या मोटिफमध्ये प्रोलीनशेजारी एक सिस्टीन असतं. ते सायटोसिनच्या सहाव्या कार्बनला तात्पुरतं चिकटतं, तेव्हा कुठे पाचवा कार्बन मिथाइल घ्यायला तयार होतो. अ‍ॅझासायटिडिन हे औषध एन्झाइमला नेमकं याच पायरीवर अडकवून ठेवतं. हा भाग शिकवताना मला अजूनही तास अपुरा पडतो.

अ‍ॅडेनिनवाल्यांची तऱ्हा वेगळी. त्यांच्यात सिस्टीन नाही. त्या जागी चार आम्लांची साखळी असते. पहिलं बहुधा अ‍ॅस्पार्टिक आम्ल किंवा अ‍ॅस्पॅराजीन, मग दोन प्रोलीन, शेवटी बहुतेकदा टायरोसिन : ‘डीपीपीवाय’ किंवा ‘एनपीपीवाय’. खरं भांडण आहे ते इथे.

गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या संस्थेतली एक विद्यार्थिनी मातीतल्या जिवाणूच्या जीनोमचे कागद घेऊन आली. एका प्रथिनाखाली संगणकाने ‘डीएनए मिथाइलट्रान्स्फरेज’ छापलेलं, ‘एनपीपीवाय’वर पिवळा हायलायटर. प्रथिन शुद्ध करून झालं होतं. ट्रिटियम लावलेलं सॅम आणि डीएनए एकत्र ठेवले, तर डीएनएवर किरणोत्सार कोऱ्या नमुन्याइतकाच. ‘सर, एन्झाइम मेलंय का?’

मेलेलं नव्हतं. हेमके या प्रथिनाची कथा तिला कुणी सांगितली नव्हती, एवढंच. हेमके आधी हीम तयार करण्याच्या कामातलं मानलं गेलं. मग ‘एनपीपीवाय’ दिसल्यावर त्याची गणना डीएनए मिथाइलट्रान्स्फरेजमध्ये झाली. 2002 मध्ये दोन गटांनी दाखवलं की ते डीएनएला हात लावत नाही. प्रथिननिर्मिती थांबवणाऱ्या रिलीज फॅक्टरमधल्या ग्लुटामिनवर ते मिथाइल बसवतं. कारण साधं आहे. ही चार आम्लं सपाट रचनेला जोडलेला अमिनो गट धरतात. तो अ‍ॅडेनिनवरही असतो, ग्लुटामिनच्या टोकालाही. मोटिफवरून कुळी कळते, धंदा कळत नाही. कुलकर्णी आडनावाचा माणूस आज गावचं दप्तर सांभाळत असेलच असं नाही.

तरी खोड जात नाही. याच कुळातल्या एका मानवी प्रथिनाला 2018 मध्ये डीएनएतल्या अ‍ॅडेनिनवर मिथाइल बसवणारं म्हणून जाहीर करण्यात आलं. 2019 मध्ये दुसऱ्या प्रयोगशाळेने तपासलं, तर प्रथिनांवर काम चोख, डीएनएवर काहीच नाही. सस्तन प्राण्यांच्या डीएनएत अशा खुणा मुळात किती, की सोबतच्या जिवाणूंचा डीएनए मोजला जातो, हा वाद तर वेगळाच. पंगतीतल्या प्रश्नांना मी हसतो, पण आमच्या जर्नलांमधला भाबडेपणा जास्त बोचतो, कारण तिथे तपासायची सोय हाताशी असते.

रॉबर्ट्स यांच्या ‘रीबेस’ या डेटाबेसमध्ये निव्वळ क्रमावरून ताडलेल्या एन्झाइमाच्या नावाअखेर ‘पी’ लावतात : हे भाकीत आहे, पुरावा नाही. इतर डेटाबेसमध्ये अंदाज एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीत उतरतो आणि दोन-तीन उतारांनंतर सत्य म्हणून मिरवतो. मशिन शिकवून हे सुटेल असं तरुण सहकारी म्हणतात. सुटेलही. पण मशिन शिकणार याच नोंदींवरून.

ती मुलगी आता रिलीज फॅक्टर शुद्ध करते आहे. तिच्या मार्गदर्शकांनी मात्र शोधनिबंधाचं शीर्षक आधीच ठरवलंय, आणि त्यात डीएनए आहे.