देवळालीचा पतंग विमानांत

देवळाली म्हटलें कीं बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढें नाशिकजवळची लष्करी छावणी उभी राहते. आमची देवळाली ती नव्हे. आमच्या गांवाच्या नांवापुढें 'प्रवरा' हें उपपद लावण्याचा प्रघात आहे, आणि तें लावावयाचें विसरल्यास येणारा पाहुणा त्या दुसऱ्या देवळालीस जाऊन बसतो. राहुरी तालुक्यांतील हें गांव प्रवरेच्या पाण्यावर वाढलें. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, आणि पुढें कालव्यांच्या पाण्यानें या टापूंत उंसाचें रान माजलें. उंसाच्या शेतांत पडलेला पतंग परत मिळत नाहीं, हें येथील प्रत्येक मुलास पाय फुटल्यापासून ठाऊक असतें.

आमचें शिक्षण मॅट्रिकपुरतें. त्यापलीकडे जें कांहीं आहे तें वडिलांनीं पाठ करून घेतलेल्या अमरकोशाचें. त्याच्याच जोरावर आम्हीं पुष्कळ वर्षें मास्तरकी केली. याखेरीज एक विद्या घरांतच हातीं लागली, ती पतंगाची. वडील खळ शिजवीत, थोरले बंधु कामट्या तासीत, आणि आम्ही पतंगी कागद कापीत असूं. ते दोघेही आतां नाहींत. हल्लीं तिन्ही कामें आम्हीच करतों. मात्र दोन वर्षांपासून उजवा हात कांपूं लागला आहे, आणि कामटी सर्वत्र एका जाडीची तासली जात नाहीं. ही गोष्ट घरांत आम्हीं कोणास सांगितली नव्हती.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त हैदराबादेस असतात. नातू नऊ वर्षांचा आहे. हैदराबादेंत पतंगांचा दुष्काळ आहे असें नव्हे. संक्रांतीस तेथील गच्च्या माणसांनीं फुलून जातात, सिकंदराबादच्या परेड मैदानावर देशोदेशींच्या पतंगांचा उत्सव भरतो, आणि बाजारांत तर वाटेल तितके पतंग मिळतात. असें असतां गेल्या वर्षीं त्यानें दूरध्वनीवर एवढेंच सांगितलें, "आजोबा, तुमच्या हातचा आणा." मागणाऱ्यानें इतक्या थोडक्यांत मागितल्यावर देणाऱ्यास सबब राहत नाहीं.

आम्हीं आठ पतंग केले. मिठाईच्या दुकानांतून एक मोठें खोकें आणलें, त्यांत ते एकावर एक रचले, मोकळ्या जागेंत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, आणि हालचाल होऊं नये म्हणून सुतळीनें सर्व करकचून आवळलें. विमानतळावर तें खोकें बरोबर आंत नेण्याच्या मापांत बसेना. म्हणून तें मोठ्या सामानांत गेलें. हैदराबादेस सरकत्या पट्ट्यावरून तें पुढें आलें तेव्हां त्याचा एक कोपरा आंत बसलेला होता. घरीं उघडून पाहतों तों सहा पतंगांच्या कमानी मोडलेल्या आणि उरलेल्या दोहोंचे कागद फाटलेले! दोष कोणाचा म्हणाल, तर सर्वस्वीं आमचा. जी वस्तु आवळूं नये ती आम्हीं आवळली होती. नातू कांहीं बोलला नाहीं. त्यानें तांबड्या कागदाचा एक तुकडा उचलला, आपल्या पाठ्यपुस्तकांत घातला, आणि तो खेळावयास निघून गेला. तो रडला असता तर आम्हांस बरें वाटलें असतें.

परत आल्यावर आम्ही मोडकी कमान घेऊन येवल्यास गेलों. आमच्या बाजूनें जाणारा नगर-मनमाड रस्ता कोल्हारास प्रवरा ओलांडतो, आणि राहाता, शिर्डी, कोपरगांव करीत येवल्यास पोंचतो. हें गांव पैठणीसाठीं सर्वांस ठाऊक आहे. परंतु भोगी, संक्रांत आणि कर या तीन दिवशीं तेथें हलकडीच्या तालावर जो पतंगांचा उत्सव चालतो, तो पाहिल्यावांचून येवलें पाहिलें असें कोणी म्हणूं नये. दोरा गुंडाळण्याच्या चक्रीस तेथील लोक 'आसारी' म्हणतात. तेथल्या एका वृद्ध कारागिरापुढें आम्हीं ती कमान ठेवली. त्यानें ती बोटांवर फिरविली आणि विचारलें, "मास्तर, धनुष्य चढवून कोणी प्रवासाला नेतो का?"

आयुष्यभर मुलांस रामायण शिकविणाऱ्यास हें सुचूं नये, याची आम्हांस लाज वाटली. पतंगांत कामट्या दोनच. उभा कणा जवळजवळ सरळ असतो. आडवी कमान मात्र वांकवून कागदास चिकटविलेली, म्हणजे सदैव ताणावर असते. याच ताणामुळें कागद वाऱ्यापुढें उभा राहतो, आणि याच ताणामुळें बाहेरून थोडा दाब आला तरी कमान मोडते. अमरकोशांत पतंग या शब्दाचे पक्षी आणि सूर्य असे अर्थ दिले आहेत. दोहोंसही खोक्यांत कोंबण्याची सोय नाहीं.

घरीं आल्यावर हा विषय निघाला तेव्हां आमच्या कुटुंबानें दळण निवडतां निवडतां म्हटलें, "पापड नेतांना काय करतों? सुतळीनें आवळतों का?" एक कारागिराचें आणि एक स्वयंपाकघरांतलें, अशीं हीं दोन वाक्यें जुळवून आम्हीं जी रीत ठरविली, ती वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथें देतों.

प्रथम मापें पाहावीं. आपल्याकडे देशांतल्या देशांत साध्या तिकिटावर बहुतेक विमानांत हातांतील सामान ७ किलोंपर्यंत आणि सुमारें ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर मापाचें चालतें, व मोठें सामान साधारणतः १५ किलोंपर्यंत नेतां येतें. तरी तिकिटावरील नियम वाचून घ्यावे. यावरून उघड आहे कीं, हातांतून न्यावयाचा पतंग वीतभर रुंदीहून फार मोठा नसावा. असे लहान पतंग दोन ताठ पुठ्ठ्यांमध्यें ठेवावे. एका पतंगाच्या कण्यावर दुसऱ्याचा कणा येऊं नये म्हणून ते उलटसुलट रचावे, प्रत्येक दोहोंमध्यें कोरा कागद घालावा, आणि पुठ्ठ्यांच्या कडा कापडी पट्टीनें नुसत्या जोडाव्या. कन्नी, म्हणजे पतंगास दोन ठिकाणीं ओवून बांधावयाचा दोरा, मुक्कामीं पोंचल्यावरच बांधावी; तिची गांठ प्रवासांत शेजारचा कागद फाडते.

मोठा पतंग तयार करून नेऊंच नये. तासलेल्या कामट्या सरळच ठेवून प्लास्टिकच्या नळींत घालाव्या, पतंगी कागद नळीभोंवतीं गुंडाळून वर मेणकापड लावावें, आणि ती नळी मोठ्या पेटींत कपड्यांच्या मधोमध ठेवावी. कातर, चाकू, पातें हीं मोठ्या पेटींतच असावीं. हातांतल्या पिशवींत तीं निघाल्यास ठेवून घेतलीं जातात. खळ मुक्कामीं मैद्याची शिजवावी. कोणी रात्रीं उडविण्यासाठीं पतंगास दिवे लावतात. त्यांच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र मोठ्या सामानांत चालत नाहींत, त्या हातांतच न्याव्या लागतात. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांनीं आणखी एक लक्षांत ठेवावें. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांत बांबूची वस्तु नेल्यास उतरतांच ती जाहीर करावी लागते. तेथें जाणाऱ्यानें काढतां-घालतां येणाऱ्या काड्यांचा कापडी पतंग न्यावा हें उत्तम.

आणि मांजा? तो कोणत्याच पेटींत घालूं नये. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१७ सालीं देशभर बंदी घातली. त्यानें पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीवरील माणसांचे गळे कापले जातात, हें दर संक्रांतीस आपण वाचतों. साधा सुती दोरा पुरे. काटाकाटीची मजा थोडी कमी होईल, पण पतंग उडेल.

तुकडे नेऊन मुक्कामीं जोडणें यांत कमीपणा नाहीं. ज्या विमानांत बसून आपण जातों त्याचा जन्म याच रीतीनें झाला. राइट बंधूंनीं १८९९ सालीं पंख पिळण्याची आपली कल्पना प्रथम एका पतंगावर पडताळून पाहिली. पुढील वर्षीं विल्बर राइट आपल्या ग्लायडरचे सुटे भाग घेऊन समुद्रकांठच्या किटी हॉक गांवीं निघाला. अठरा फुटी लाकूड वाटेंत नॉरफोक येथें घेऊं असा त्याचा बेत होता. तें मिळालें नाहीं, म्हणून सोळा फुटांवर भागवावें लागलें. मग कापड आंखूड करणें आलें. तें त्यानें तेथील एका गृहिणीच्या शिवणयंत्रावर शिवून घेतलें. तें ग्लायडरही त्या वर्षीं त्यांनीं बहुतेक वेळां दोऱ्या बांधून पतंगासारखेंच उडविलें. तेव्हां विमान हें पतंगाचें नातवंड होय, असें म्हणण्यास हरकत नाहीं. आपल्याकडील १९३४ च्या विमानविषयक कायद्यानें तर विमान या शब्दाच्या व्याख्येंतच पतंगाचा समावेश केला होता. २०२५ च्या आरंभीं त्याची जागा नव्या अधिनियमानें घेतली.

यंदा भोगीच्या आदल्या दिवशीं आम्ही पहाटे निघालों. कोल्हारच्या पुलावर धुकें होतें आणि उंसाच्या गाड्यांची रांग लागली होती. राहात्यावरून काकडीस गेलों. तेथील शिर्डी विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजीं सुरू झाला, तेव्हांपासून आमच्यासारख्या खेड्यांतल्या माणसासही विमान दाराशीं आल्यासारखें झालें आहे. तपासणीच्या जागीं गणवेशांतील तरुणानें पुठ्ठे उचलून विचारलें, "यांत काय?" आम्हीं सांगितलें, "पतंग." "मांजा?" "नाहीं. सुती दोरा, तोही मोठ्या पेटींत." त्यानें पुठ्ठे उजेडापुढें धरून पाहिले आणि दोन्ही हातांनीं परत दिले.

हैदराबादेस पुठ्ठ्यांतील चारही पतंग जसेच्या तसे निघाले. नातवानें ते पाहिले, पण त्याचें लक्ष नळीकडे होतें. सूनबाईंनीं खळ शिजवून दिली. आम्हीं कामटी हातांत घेतली, आणि ती घासतांना हात कांपूं लागला. लपविण्यास जागा नव्हती. मुलानें एकदां हाताकडे पाहिलें, एकदां आमच्याकडे पाहिलें, आणि कामटी हळूच काढून घेऊन तो म्हणाला, "तुम्ही सांगा, मी करतों." दोन तास आम्ही सांगत होतों. कामटीचा मध्य बोटावर तोलून कसा पाहावा, दोन्ही टोकें सारखीं वांकतात कीं नाहीं हें कसें ओळखावें, खळ किती पातळ लावावी, हें सर्व वडिलांनीं आम्हांस ज्या शब्दांत सांगितलें होतें तेच शब्द तोंडांतून निघूं लागले, याचें आमचें आम्हांसच नवल वाटलें.

संक्रांतीच्या दिवशीं गच्चीवर त्याचा पतंग तीन वेळां डावीकडे कलून गोता खाऊन आला. डावा पंख जड झाला होता. उजव्या पंखावर कागदाचें थोडें वजन लावावें लागेल, असें आम्हीं म्हणतांच तो खालीं धांवला. वर आला तेव्हां त्याच्या हातांत गेल्या वर्षीचा तो तांबडा तुकडा होता. खळीचें बोट लावून त्यानें तो उजव्या टोकाजवळ बसविला. चौथ्या वेळीं पतंग चढला, आणि तांबडें ठिगळ दिसेनासें होईपर्यंत चढतच राहिला. दोरा त्याच्या हातांत होता. आम्हीं फक्त चक्री धरली होती, आणि त्या कामास हात कांपला तरी चालतो.

पुढल्या संक्रांतीस तो देवळालीस येणार आहे. पतंग आपण करूं नका, मीच घेऊन येतों, असें त्यानें बजावलें आहे. नळीही त्यानें स्वतःकडेच ठेवून घेतली आहे.