असाकुसा : एक रात्र जुन्या टोकियोत

टोकियो म्हणजे काचेच्या उंच इमारती, एवढंच पाहून परतणारे पर्यटक असाकुसाला मुकतात. सुमिदा नदीकाठच्या या भागाला ‘शितामाची’, म्हणजे खालची पेठ म्हणतात. कारागीर, दुकानदार आणि खेळ-तमाशेवाल्यांची ही वस्ती. सहलीच्या बसेस इथे जेमतेम तासभर थांबतात. पण एक रात्र मुक्काम केल्याशिवाय असाकुसा कळत नाही.

सुरुवात होते कामिनारिमोन या दारापासून. त्यात टांगलेल्या लाल कंदिलाचं वजन सुमारे ७०० किलो! १८६५ साली जळालेलं हे दार तब्बल ९५ वर्षांनी, १९६० साली पुन्हा उभं राहिलं. पुढे अडीचशे मीटरची नाकामिसे गल्ली. दुतर्फा पंखे, बाहुल्या, कंगवे आणि खाऊची दुकानं. अगदी आपल्या देवळाबाहेरची पेठच. गल्लीच्या टोकाला सेन्सोजी हे देऊळ. इ. स. ६२८ मध्ये दोन कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोनची, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराची मूर्ती आली, अशी आख्यायिका आहे. ही मूर्ती मात्र कुणालाच दाखवली जात नाही.

देऊळ पुरातन वाटतं खरं, पण १० मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ते बेचिराख झालं होतं. त्या एका रात्रीत टोकियोत सुमारे एक लाख माणसं मेली. आजचं मुख्य देऊळ १९५८ चं, तर पाच मजली पॅगोडा १९७३ चा. शेजारचं १६४९ मधलं असाकुसा देवस्थान मात्र वाचलं. आवारातल्या जुन्या जिन्को वृक्षाच्या बुंध्यावर त्या आगीच्या खुणा अजून दिसतात. बहुतेक जण त्याच्यासमोरून कॅमेरा सावरत निघून जातात.

खाण्यात तांदळाच्या लाह्यांची ‘कामिनारी-ओकोशी’ मुरमुऱ्याच्या चिक्कीची आठवण करून देते. ‘निंग्योयाकी’ या छोट्या केकमध्ये लाल अझुकी दाण्यांचं गोड पुरण असतं. शाकाहारींनी मात्र जपावं. भाज्यांचा तेम्पुरा मागितला, तरी सोबतच्या सॉसमध्ये बहुधा माशाचा अर्क असतोच. खाऊ दुकानापुढे उभं राहूनच संपवावा. चालता चालता खाणं इथे आवडत नाही.

मुक्कामासाठी स्वस्त हॉस्टेलपासून पारंपरिक ‘र्‍योकान’पर्यंत सर्व सोयी आहेत. र्‍योकानमध्ये दारातच चपला काढायच्या आणि तातामी चटईवर अंथरलेल्या गादीवर झोपायचं. सामायिक स्नानगृहात साबण लावून अंग धुतल्यावरच गरम पाण्याच्या हौदात उतरायचं. मुलांना ही गंमत फार आवडते.

सकाळी सहाला (हिवाळ्यात साडेसहाला) देऊळ उघडतं, तेव्हा गल्लीत शुकशुकाट असतो आणि बंद शटरांवरची चित्रं निवांत पाहता येतात. तिथून दहा मिनिटांवर, नदीकाठच्या टेकाडावर मात्सुचियामा शोदेन हे देऊळ आहे. इथला देव कांगितेन म्हणजे आपला गणपतीच! मूर्ती इथेही झाकलेलीच. नैवेद्य मात्र मोदकांचा नव्हे, पांढऱ्या मुळ्यांचा! घरात आरोग्य आणि गोडी नांदावी म्हणून भाविक मुळे वाहतात आणि तेच पुढे प्रसाद म्हणून वाटले जातात.