ट्रान्झिटमधल्या आया

चि. ताईस,


संक्रमण शिबिर हे कागदोपत्री तात्पुरते घर. मुंबईत त्याला शिबिर कुणी म्हणत नाही, ‘ट्रान्झिट’ म्हणतात. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वी बांधलेल्या शहर भागातल्या जुन्या इमारती उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या, ठरल्या, तेव्हा त्यांची संख्या १९,६४२ होती. त्यातली एखादी चाळ खचली किंवा धोकादायक ठरली, की गिरगाव-माझगावचे बिऱ्हाड म्हाडाच्या एखाद्या गाळ्यात जाते: विक्रोळीचे कन्नमवार नगर, बोरिवलीचे मागाठाणे, शीवचे प्रतीक्षानगर. (नाव ठेवणाऱ्याला पुढचे दिसले असावे.) मूळ जागी घर मिळेपर्यंतची ही सोय अनेकांच्या बाबतीत वीस-तीस वर्षे लांबते. काही मुली ट्रान्झिटमध्येच वाढून तिथूनच सासरी जातात.

चाळ सुटते तेव्हा खोलीबरोबर गॅलरीही जाते. तिथे तान्हे मूल कुणाच्याही मांडीवर झोपत असे, आणि कामावर जाणारी आई किल्ली शेजारी टाकून निघत असे. गाळा मात्र रिकामा असेल तिथे मिळतो, म्हणून एका मजल्यावरची बिऱ्हाडे चार ठिकाणी पांगतात. नव्या जागी आयांची घडी पुन्हा बसते ती बहुधा पाण्याच्या वेळेवरून. पहाटे पाणी आले की जी जागी असते ती दार वाजवते, आणि जिला सकाळची पाळी आहे तिचे पिंप शेजारीण भरून ठेवते. मग शाळा. मुलांची जुनी शाळा सोडवत नाही, त्यामुळे एक आई चौघांना घेऊन लोकलने जाते आणि तिच्या घरची पोळी-भाजी दुसरी करते. याला उपकार म्हणायची पद्धत नाही. कुणी किती वेळा मूल सांभाळले याचा हिशेब न लिहिताही सगळ्यांना पाठ असतो, आणि जी फक्त घेते, तिचे नाव पाण्याच्या रांगेत निघतेच.

हिशेब उघडपणे मांडला तो भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी. पदपथवासीयांना नोटीस देऊन हटवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली दिला. पुढच्याच वर्षी ‘महिला मिलन’ उभे राहिले, सोबतीला ‘स्पार्क’ ही संस्था आणि जॉकिन अर्पुथम यांचा झोपडपट्टीवासीयांचा महासंघ. रोज दारोदार फिरून रुपया-दोन रुपये जमवायचे, त्यातूनच आजारपणाला किंवा शाळेच्या फीला कर्ज द्यायचे. लिहिता न येणाऱ्या बाईच्या नावाची प्लॅस्टिकची पिशवी असे. तिच्यात रंगीत कागदाचे चौकोनी तुकडे टाकत, एकेक रंग एकेका रकमेचा. पैशांपेक्षा मोलाची ती रोजची फेरी. कुठल्या घरी नवरा पिऊन आला, कुठले पोर तापले, हे पैसे घ्यायला येणारीला उंबऱ्यावरच कळे.

या सवयीचा खरा उपयोग रेल्वे रुळांलगतच्या वस्त्या हलल्या तेव्हा झाला. २००० सालच्या आसपास हजारो कुटुंबे रुळांपासून दूर गेली, त्यातली बरीच आधी ट्रान्झिटमध्ये. त्यांनी निघण्यापूर्वीच पन्नासेक कुटुंबांच्या सोसायट्या केल्या होत्या, आणि शेजार कोण हे बायकांनी ठरवले होते. नव्या जागीही अडचणी होत्याच: काम लांब, भाडे-बिलांचा नवा भार. पण पहिल्या रात्री मूल कुणाकडे ठेवायचे, हा प्रश्न नव्हता.

शेजार सोबत हलवण्याला जास्तीची एक वीटही लागत नाही, यादी फक्त आधी करावी लागते. चाळींच्या बाबतीत ती सहसा कुणी करत नाही. तुमच्या वाडीला नोटीस लागली आहेच. गाळ्यांचे वाटप होण्याआधी मजल्यावरच्या बायकांनी एकत्र बसून अर्ज एकाच गठ्ठ्याने द्यावा.

तुझी,
आत्या